तसबिरीमागचा माणूस : विष्णुपंत दामले



आपल्या दिंडीच्या सामानात जगद्गुरू तुकोबारायांची एक तसबीर आहे. पेण आणि रोहा अशा दोन्ही बाजूंच्या माळकऱ्यांनी तिला इतकी वर्षं बुक्का लावला आहे की काचेचा खालचा कोपरा कायमचा काळा पडला आहे. मुक्कामाला पोचलो की आधी वीणा उतरायची, मग तसबीर भिंतीला टेकवायची आणि मग पाणी प्यायचं, हा क्रम आम्हाला कळू लागल्यापासून आम्ही पाहत आलो. शताब्दीची तयारी सुरू झाली तेव्हा चौकट वाळवीने पोखरलेली दिसली, म्हणून ती सुताराकडे दिली. काच निघाली आणि आतला कागद पहिल्यांदाच उघड्या उजेडात आला.

आपल्यातला एक तरुण टाळकरी हमरापूरच्या बाजूला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. ज्याचा दिवस डोळे काढण्यात जातो तो कुठल्याही चित्रात आधी डोळेच पाहणार. त्याने कागद खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला आणि सांगितलं की हे कुणी हाताने काढलेलं चित्र नव्हे, हा फोटो आहे. फोटोवर मागाहून रंग चढवलेला आहे, आणि फोटो ‘संत तुकाराम’ या जुन्या सिनेमातल्या विष्णुपंत पागनीस या नटाचा आहे.

त्या दिवसापासून आपल्याकडे जो वाद झाला तो या स्मरणिकेच्या वाचकांपैकी निम्म्यांना ठाऊक आहे, कारण ते त्यात होते. रोह्याच्या बैठकीत आपले सर्वांत ज्येष्ठ विणेकरी फार व्यथित झाले. आयुष्यभर आपण एका नटाच्या पायावर डोकं ठेवलं, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. तसबीर देवळाच्या माळ्यावर ठेवा आणि शताब्दीला नवी आणा, असं त्यांचं म्हणणं पडलं. काहींनी लगेच फ्लेक्सवाल्याकडून नमुने मागवले. दुसऱ्या बाजूच्यांचं म्हणणं एवढंच होतं की बुक्का कागदाला लागला नाही, तुकोबांना लागला. दोन्ही बाजूंची तळमळ खरी होती. शेवटी मंडळींनी आम्हाला काम सांगितलं : हा चेहरा कुठून आला, कुणी घडवला, ते शोधून स्मरणिकेत लिहा, मग ठरवू.

शोधता शोधता आम्ही फिरून पेणलाच येऊन पोचलो. तो चेहरा पडद्यावर आणणाऱ्या दोघांपैकी एक आपल्याच पेणच्या बाजूचा होता. विष्णुपंत गोविंद दामले. सिनेमाच्या लोकांत ते दामलेमामा म्हणून ओळखले गेले. ते जन्मभर चित्रकारच राहिले, असं आमचं मत झालं आहे. साधनं तेवढी बदलली. म्हणून हा लेख सिनेमावर नाही, चित्र पाहण्यावर आहे, असं समजून वाचावा.

दामल्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. त्या काळात आपल्याकडच्या मुलाला चित्रं पाहायला मिळत ती किती? देवळाच्या भिंतीवर चुन्यात काढलेला गरुड-मारुती, भाद्रपदातला गणपती, आणि कुणाच्या ओटीवर रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी नाहीतर सरस्वती. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कार्तिकीला आपण बोरघाट चढून लोणावळ्यावरून आळंदीला जातो तेव्हा मळवली वाटेतच लागते. आपल्या घराघरांतल्या देवांना चेहरे देणारे दगड तिथे होते. दगड म्हणतो ते खरेच दगड : चित्र दगडावर उतरवायचं, एकेका रंगाला एकेक दगड, आणि कागद त्या सगळ्यांवरून काढायचा. गरिबाच्या घरात रंगीत देव आला तो असा. तोवर देव पाहायचा तर देवळात जावं लागे.

तरुण दामले चित्रांच्या ओढीने कोल्हापूरला गेले. तिथे आनंदराव आणि बाबुराव हे चुलतभाऊ होते. आडनाव मेस्त्री, पण काम असं की लोकांनी पेंटर हेच आडनाव करून टाकलं. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणं हा त्यांचा मोठा उद्योग. त्यांच्या हाताखाली दामले शिकले, आणि तिथेच त्यांना जन्माचा सोबती भेटला. शेख फत्तेलाल, कागलचे, दामल्यांपेक्षा काही वर्षांनी लहान. त्यांना पुढे सगळे साहेबमामा म्हणू लागले. एक चित्पावन ब्राह्मण, एक मुसलमान. दोघांची नावं पुढे अशी जोडली गेली की दामले-फत्तेलाल हे एकाच माणसाचं नाव आहे असं कित्येकांना वाटे. आपल्या संप्रदायात शेख महंमद महाराजांना संतांच्या मांदियाळीत बसवताना कुणाला अवघड वाटलं नाही. तेव्हा तुकोबांचा सिनेमा निम्मा फत्तेलालांच्या हातचा आहे, याचंही वारकऱ्याला नवल वाटू नये.

नाटकाचा पडदा रंगवणं म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं, कारण आता ती कलाच दिसेनाशी झाली आहे. कापड जमिनीवर किंवा भिंतीवर ताणायचं. रंगाची भुकटी सरसाच्या पाण्यात कालवायची. लांब दांड्याचा कुंचला घेऊन उभ्याने काम करायचं. एक पडदा रस्त्याचा, एक जंगलाचा, एक राजवाड्याचा, एक देवळाचा. जवळ जाऊन पाहिलं तर नुसते फराटे, डाग, ओघळ. पंधरा-वीस हात मागे जाऊन दिव्याच्या उजेडात पाहिलं की खांबामागे खांब उभे राहतात आणि देवळाचा गाभारा आत आत जाऊ लागतो. म्हणजे पडदेवाल्याला दोन ठिकाणी उभं राहावं लागतं : हात पडद्याशी आणि डोळा शेवटच्या रांगेतल्या चार आण्यांच्या प्रेक्षकाशी. आपल्या कारखान्यातला आखणीवालाही हेच करतो. सहा इंचांवरून डोळा काढतो, पण तो दिसायचा असतो आरतीला मागे उभ्या असलेल्या बाईला. ही सवय दामल्यांच्या अंगात मुरली, आणि ‘संत तुकाराम’ पाहताना ती आम्हाला जागोजागी दिसली.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला, आणि रंगवलेलं चित्र हलू शकतं या विचाराने कोल्हापूरच्या या चित्रकारांना झोप येईना. विलायती कॅमेरा विकत घ्यायला पैसा नव्हता. मग कॅमेरा आपणच करायचा, असं ठरलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले; बाबुरावांनी नाद सोडला नाही. जुनं यंत्र उघडून पाहायचं, दाते मोजायचे, चाक कातून बसवायचं, पुन्हा काढायचं. या उद्योगात बाबुरावांचा उजवा हात म्हणजे दामले. १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. चित्रकाराचा हात आणि लोहाराचा हात एकाच माणसाला असणं ही आम्हाला दामल्यांच्या चरित्रातली कळीची गोष्ट वाटते. तोंडाने कमी बोलणारा आणि हाताने जास्त करणारा हा माणूस होता. म्हणूनच त्याच्या गोष्टी कमी आणि कामं जास्त मागे राहिली.

बाबुरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. तिथल्या दहा वर्षांबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण आमचा वाचक दिंडीतला आहे, म्हणून पुढे जातो. एक मात्र नोंदवतो. सिनेमाच्या जाहिरातीसाठी बाबुराव स्वतः मोठाली चित्रं रंगवीत. आज आपण पोस्टर म्हणतो आणि फाडून शेंगा बांधतो, ती एका अव्वल चित्रकाराच्या हातची असत. दामल्यांनी आणि फत्तेलालांनी याच कंपनीत ‘महारथी कर्ण’ हा मूकपट मिळून केला, तेव्हा जोडीची ताकद दिसली.

१ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि पैशाची बाजू पाहणारे सीतारामपंत कुलकर्णी, असे पाच भागीदार. तीन वर्षांत सिनेमा बोलू लागला, आणि प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये आला. आता कंपनीत आवाज कोण पाहणार? दामले. पडदा रंगवणारा, कॅमेरा जुळवणारा माणूस आता आवाजाच्या यंत्रापुढे बसला. फत्तेलालांनी देखावे उभारायचे, दामल्यांनी ध्वनी घ्यायचा, अशी वाटणी पडली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली.

मग १९३६ चं साल. शांताराम मोठे दिग्दर्शक म्हणून गाजत होते. दामले-फत्तेलाल मागे राहून काम करणारे. ‘संत तुकाराम’ मात्र या दोघांनी दिग्दर्शित केला. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं, छायाचित्रण व्ही. अवधूतांचं. तुकोबांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस निवडले. पागनीस नाटकांत स्त्रीभूमिका करत आलेले. विठ्ठलाचा निस्सीम भक्त, शेतात राबणारा कुणबी-वाणी, त्याच्यासाठी असा नट कसा चालेल, अशी शंका कंपनीतच होती. दामले-फत्तेलाल ठाम राहिले.

इथे आम्ही थोडं थांबतो, कारण आपला वाद याच जागेवर आहे.

छापखाने आले तसे चित्रकारांनी आपापल्या मनातले तुकोबा काढले. कुणी त्यांना दरबारी पंडितासारखी शाल पांघरली, कुणी गुबगुबीत गाल दिले, कुणी डोक्यामागे सोन्याचं ताट ठेवावं तसं तेजोवलय ठेवलं. पुढच्या काळात रघुवीर मुळगावकरांच्या हातचे देव कॅलेंडरांतून घराघरांत गेले. त्यांची तुकतुकीत कांती आणि मऊ प्रकाश यांना तोड नाही, आणि आमच्याही घरात ते होते. पण ते देवांचे चेहरे. कर्जाने बुडालेला, दुष्काळात बायको गमावलेला माणूस तसा दिसत नसतो. तुकोबांचं चित्र काढणं अवघड ते यासाठी : माणूस संसारात नापास झालेला दिसला पाहिजे आणि त्याच वेळी त्याला आपण हात जोडले पाहिजेत.

दामले-फत्तेलालांनी हे कोडं कसं सोडवलं ते पडद्यावर पाहावं. शताब्दीच्या निमित्ताने आम्ही देवळाच्या सभामंडपात चादर बांधून हा सिनेमा दाखवला, आणि टाळकऱ्यांसोबत बसून आम्हीही आणखी एकदा पाहिला. या खेपेला आम्ही गोष्ट न पाहता चित्र पाहायचं ठरवलं होतं.

पहिली गोष्ट दिसली ती भिंत. तुकोबांच्या घराची भिंत मातीची आहे आणि ती मातीचीच दिसते. राजवाड्यांच्या पडद्यांवर वाढलेल्या माणसांना भिंत सजवण्याचा मोह होतो. इथे तो आवरलेला आहे. भिंतीपुढे पांढऱ्या वस्त्रातले तुकोबा. उजेड त्यांच्या चेहऱ्यावर, बाकी सगळं सौम्य. ते बहुतेक वेळा सरळ समोर पाहतात, जसा विटेवरचा पांडुरंग पाहतो. सिनेमात नट एकमेकांकडे पाहून बोलतात, आणि आपण चोरून पाहणारे असतो. इथे मात्र आपण समोर बसलेलो आहोत, कीर्तनाला बसावं तसे. कॅमेरा पुष्कळदा हलतच नाही. ज्याने देवळात दर्शनाच्या रांगेत उभं राहून मूर्तीपुढचा क्षण लांबवायचा प्रयत्न केलाय, त्याला हे न हलणं का आहे ते सांगावं लागत नाही.

त्याच्या उलट सालोमालो. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा तो ढोंगी बुवा. त्याचं उपरणं, त्याचे हातवारे, त्याचं गाणं, सगळ्यात नाटकी नखरा आहे. आम्हाला तर ती चित्रकारांनी आपल्याच धंद्याची काढलेली खोडी वाटली. दामले-फत्तेलालांची उमेदवारी नाटकांच्या पडद्यांवर गेली, नुसती सजावट म्हणजे काय हे त्यांना आतून माहीत होतं, आणि ती सगळी त्यांनी सालोमालोच्या अंगावर घातली. तुकोबांसाठी शिल्लक ठेवलं ते सूत आणि माती.

आणि जिजाई. ती भूमिका गौरी नावाच्या बाईंनी केली. त्या प्रभातमध्येच किरकोळ कामं करणाऱ्या, शिकलेल्या नटी नव्हेत. पदर खोचलेला, आवाज चढलेला, म्हशीवर जीव. मूल आजारी पडतं तेव्हा ती पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. आमच्या मंडपात बसलेल्या बाया तिथे जोरात हसल्या आणि दुसऱ्याच क्षणी गप्प झाल्या. आपल्याकडे दिंडी निघते तेव्हा मागे राहून भात, गुरं आणि पोरं सांभाळणाऱ्या बायका आहेत. त्यांचं चित्र कुणी काढत नाही. या दोघांनी काढलं, आणि तुकोबांच्या चित्राइतक्याच मानाने काढलं. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई पृथ्वीवर राहते. आमच्या मते सिनेमातलं सगळ्यांत मोठं चित्र ते आहे, गरुडाचं नव्हे. गरुड आणि वैकुंठ ही पडदेवाल्यांची जुनी विद्या. ती त्यांनी हौसेने केली आहे, पण आज पाहताना पुठ्ठा दिसतो हे कबूल करायला हवं. जिजाईत पुठ्ठा कुठेच दिसत नाही.

आणखी एक खुलासा माळकऱ्यांसाठी. या सिनेमातला एक अभंग आपण कित्येक जण तुकोबांचा समजून गातो. तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला आहे. रचना इतकी बेमालूम की गाथ्यात शोधणाऱ्यांना तो सापडला नाही तेव्हा कळलं. आपल्याही दिंडीत तो काकड्यानंतर म्हटला गेलेला आहे. ज्यांना तसबिरीचा राग आला त्यांना याचाही यावा, किंवा दोन्हींचा येऊ नये. एकाचा येऊन दुसऱ्याचा न येणं आम्हाला पटत नाही.

सिनेमा मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक चालला. १९३७ मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात तो गेला आणि जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. भारतीय सिनेमाचा असा गौरव पूर्वी झाला नव्हता. व्हेनिसच्या परीक्षकांना ना मराठी येत होतं ना विठोबा ठाऊक होता. त्यांनी पाहिलं असेल ते चित्रच. पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती गावोगावच्या तंबूंतली गोष्ट. आमच्या आधीच्या पिढीतली माणसं सांगत की तुकोबा पडद्यावर आले की लोक वहाणा काढून बसत, आणि खेळ संपल्यावर नमस्कार करून उठत. पागनीसही पुढे मनाने तुकोबांचेच होऊन राहिले. ते १९४३ मध्ये गेले. सिनेमातल्या त्यांच्या रूपाच्या तसबिरी निघाल्या, चौकटीत बसल्या, भिंतीवर चढल्या. त्यांतलीच एक कुणा भाविकाने आपल्या दिंडीला दिली.

पुढचं थोडक्यात. दामले-फत्तेलालांनी १९३८ मध्ये ‘गोपालकृष्ण’, १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ केला. त्यात माऊली झाले शाहू मोडक. १९४१ च्या ‘संत सखू’तही राजा नेन्यांबरोबर दोघांचा हात होता. ‘ज्ञानेश्वर’ भव्य आहे, भिंत चालते, रेडा वेद म्हणतो, सगळं पाहण्यासारखं आहे. पण तसबीर म्हणून मनात राहतो तो तुकारामच. असं का, याचा विचार आम्ही केला. माऊलींना चमत्कारांनी वेढलंय आणि तुकोबांना घराने, एवढंच उत्तर सुचलं.

मधल्या काळात प्रभातची मोट ढिली झाली. धायबर गेले, शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले. दामल्यांची प्रकृती खालावली आणि ५ जुलै १९४५ रोजी ते गेले. वय अवघं बावन्न. आम्ही सहज म्हणून त्या सालचं पंचांग जुळवून पाहिलं. ज्येष्ठ वद्य पक्ष येतो, म्हणजे देहू-आळंदीच्या पालख्यांच्या प्रस्थानाचे आणि पुण्याच्या मुक्कामाचे दिवस. फत्तेलाल त्यांच्यामागे जवळजवळ वीस वर्षं जगले. कंपनी काही वर्षांत बंद पडली. त्या जागेवर १९६० मध्ये सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुण्याला गेलात तर लॉ कॉलेज रोडवरून जाताना ती जागा पाहून घ्या.

आता तसबिरीकडे परत येतो.

फ्लेक्सवाल्याने पाठवलेले नमुने आम्ही सगळ्यांनी पाहिले. कॉम्प्युटरवर केलेले तुकोबा. दात पांढरेशुभ्र, दाढीचा केस न् केस वेगळा, मागे धबधबा. इंद्रायणीला धबधबा कुठून आला कोण जाणे. आमचा आजच्या साधनांवर राग नाही. आपल्या पेणच्याच मुलांनी स्प्रेगनने रंगवलेले शालूचे काठ पाहिले की जुन्या कुंचल्यालाही मान खाली घालावी लागेल. पण हात नवा असो की जुना, त्याला कशासाठी थांबायचं ते कळलं पाहिजे. आखणीवाल्या मुलाने नमुना पाहून एवढंच विचारलं की हे तुकोबा नक्की कुणाकडे बघतायत. आम्ही सगळ्यांनी पुन्हा पाहिलं. ते कुणाकडेच बघत नव्हते.

ज्येष्ठ विणेकऱ्यांनी सिनेमाच्या रात्री शेवटपर्यंत बसून पाहिलं होतं. उठताना ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला की पेणचे दामले कुठल्या आळीतले होते ते विचारून ठेवा. आणि पुढच्या बैठकीत त्यांनी आपली अट मांडली. तसबीर राहू द्या, पण खोटं सांगून नको. चौकटीच्या मागच्या फळीवर खरं काय ते लिहा : हे रूप कुणाचं, कुठल्या सिनेमातलं, साल कुठलं आणि हात कुणाचा. पुढे शंभर वर्षांनी कुणी काच काढली तर त्याला आमच्यासारखा धक्का बसायला नको. यावर कुणाचं दुमत झालं नाही. एकाने दामले आपल्याकडचे, त्यांचं एकट्याचंच नाव पुरे, असं सुचवलं. ते विणेकऱ्यांनीच मोडून काढलं. दोघांचं काम आहे तर दोघांची नावं.

सुताराने सागाची नवी चौकट केली. काच नवी घातली. जुनी, कोपऱ्याला बुक्का बसलेली, कागदात गुंडाळून देवळात ठेवली आहे. मागच्या फळीवर आखणीवाल्या मुलाने काळ्या रंगात, बारीक कुंचल्याने मजकूर लिहिला : विष्णुपंत पागनीस, ‘संत तुकाराम’, प्रभात, १९३६, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. घाईत फत्तेलालांच्या नावातला एक त राहून गेला होता. फळीला खिळे मारायच्या आधी विणेकऱ्यांनीच तो पाहिला आणि भरून घेतला.